छत्रीची मूठ

धाकट्या बहिणीच्या पत्राला दादांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. "बोटं वळत नाहीत, पण बाबांची जुनी स्पोर्ट्स कार एकदा चालवायचीय," तिने लिहिलं होतं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी रुमालाने स्वतःची बोटं बांधून त्यांनी त्या गाडीचा गिअर टाकून पाहिला. तळहाताने दांडा पुढे गेला. मागे ओढताना गोल मुठीवरून हात निसटला. ते गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. "या गोल मुठीच्या जागी माझ्या छत्रीची वाकडी मूठ बसव. मनगट अडकेल." मेकॅनिक हसला. "काका, एवढ्या देखण्या गाडीला छत्रीची मूठ? आणि पावसात काय कराल?" "भिजेन." मूठ बसल्यावर बांधलेल्या हाताने चारही गिअर पडले, रिव्हर्ससुद्धा. रुमाल सोडून दादांनी लिहिलं: "उशीर झाला. गाडी तयार आहे, ये." पत्र कोरडंच टपालपेटीत पडलं, दादा मात्र चिंब भिजले होते.