राणीचं लुगडं

रंजिता नावाची मुलगी म्हणून घरातून पळालेला खुशाल मिशी राखून गावात परतला, तो ऐन मंडईच्या जत्रेला. त्याचे वडील यादोराव गावच्या दंडारीचे, म्हणजे नाचगाण्याच्या खेळाचे, म्होरके. शाळेच्या व्हरांड्यात गडी नाचासाठी तोंडाला रंग फासत होते, बाहेर ढोलकी घुमत होती आणि राणी होणारा प्रफुल्ल तापाने फणफणून घरी पडला होता. यादोरावांनी खुशालला पायापासून मिशीपर्यंत न्याहाळलं, पेटीतून लुगडं काढलं आणि त्याच्या अंगावर फेकलं.

"नेस. आज राणी तू."

रंग फासणारे हात थांबले. खुशालचं कानशील तापलं. साडी नेसवून पाहुण्यांसमोर बसवायचे, म्हणून तर तो पळाला होता. आता बाप साऱ्या गावापुढे तेच करायला निघाला होता.

"मी नाही नेसत, बाबा."

"काऊन?"

"तुमाले ठाव हाये काऊन ते." त्याने पायरीवर बसलेल्या बहिणीकडे बोट दाखवलं. "राणीच पाह्यजे तं रेणूले उभी करा."

यादोराव असे भडकले, की ढोलकीसुद्धा चुकली.

"बह्याड झाला का बे? आपल्या दंडारीत बाई कधी नाचली का? लुगडं गडीच नेसते इथं!"

खुशालने लुगडं हळूच उचललं.

"मले नेसता नाही येत, बाबा."

"नवा गडी असंच म्हणते," यादोराव पुटपुटले आणि निऱ्या घालून द्यायला खाली बसले.