पाच मिनिटांचं काम

आपल्या गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, या तत्त्वावर मिस्त्रीने उभं आयुष्य काढलं होतं. आज भर दुपारी ते तत्त्व हमरस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेलं होतं आणि मोटारसायकलची चेन दहा हात मागे धुळीत पडली होती.

मिस्त्री हे कॉलनीने ठेवलेलं नाव. नोकरी विम्याच्या कचेरीत.

बायको फोन मुठीत धरून उभी होती. सकाळी तिच्या भावाने कळवलं होतं, आई शुद्धीवर आहे, तुझं नाव घेतेय, पण डॉक्टर संध्याकाळची खात्री देत नाहीत. हॉस्पिटल अजून बरंच लांब होतं.

"चेनचं लॉक उडालं," मिस्त्री चेन उचलून आणत म्हणाला. दोन टोकं जोडणारी नखाएवढी पट्टी, ती गेली होती.

"रविवारी तुम्हीच काढून धुतली होतीत ना चेन?"

"म्हणून तर इथपर्यंत आली."

मागून बस येत होती. बायकोने हात केला, तशी ती थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

"हॉस्पिटलवरून जाते?"

"दारातच थांबते. चला, चढा लवकर."

तिने पायरीवर पाय ठेवला.

"अगं, कशाला?" मिस्त्री म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. जादाची लॉक आहेत माझ्याकडे. ही दर फाट्याला थांबणार. हिच्याआधी पोचवतो तुला."

बायकोने एकदा बसकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. या माणसाने घरातला पंखा, मिक्सर आणि स्वतःच्या वडिलांचं श्रवणयंत्रसुद्धा स्वतः उघडलं होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायची तिला सवय लागली होती. तिने पाय खाली घेतला. बस गेली.

मिस्त्री हत्यारांच्या पेटीपाशी उकिडवा बसला. कंपनीने दिलेली पेटी तकलादू म्हणून त्याने ती काढून टाकली होती आणि जाड पत्र्याची नवी करवून सीटखाली बसवली होती. हत्यारं चोरीला जाऊ नयेत म्हणून झाकणाला खास बोल्ट लावले होते. त्यांना साधा पाना चालत नाही. त्यांची चावी वेगळी, दुकानात सुटी मिळत नाही, बोल्टांबरोबर दोनच येतात.

तो बसूनच राहिला.

"काय झालं?"

"चावी."

"घरी राहिली?"

"एक घरी आहे. भिंतीवर, तिच्या जागेवर."

"आणि दुसरी?"

मिस्त्रीने पेटीकडे बोट दाखवलं. प्रवासाच्या संचात प्रत्येक हत्यार असलंच पाहिजे, असा त्याचा नियम होता. चावीही त्याच्या लेखी हत्यारच.

"गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात का नाही ठेवली?"

"टाकीवर ओरखडे पडतात."

बायकोने रस्त्यावर दोन मोटारींना हात केला. दोन्ही न थांबता गेल्या. मग तिने केसांतली एक पिन काढून त्याला दिली. ती बोल्टात वाकली. दुसरी दिली, ती मोडली. तिचा अंबाडा सुटला आणि केस वाऱ्यावर तोंडावर येऊ लागले. तिने ते बांधले नाहीत.

समोरून आलेला एक ट्रक पलीकडे थांबला. ड्रायव्हर टॉमी घेऊनच उतरला, चाक काढायची ती लोखंडी कांब. त्याने पेटी निरखली, झाकणावर टिचकी मारली.

"दोन टोल्यांत निघेल."

"थांबा, थांबा. भट्टीत भाजलेला रंग आहे तो. टवका उडाला की पत्रा गंजतो."

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. "कुठं निघालात, ताई?"

"आईकडे. हॉस्पिटलात आहे."

"मी उलट्या बाजूला चाललोय, नाहीतर सोडलं असतं." तो मिस्त्रीकडे वळला. "साहेब, रंग परत मारता येतो."

"बोल्टाच्या कडेने पातळ काही सरकवता आलं तर निघेल. एक मिनिट द्या मला," मिस्त्री म्हणाला आणि त्याने खिशातून नेलकटर काढलं.

बायकोने तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हं, दादा," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. "नाही रे. रस्त्यातच आहोत अजून." पुन्हा ऐकलं. "किती वाजता?" आणि मग, "माझं नाव घेत होती का?"

तिने फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन नीट शेवटपर्यंत ओढली. ड्रायव्हरच्या हातातली टॉमी घेतली आणि ती नवऱ्यासमोर धरली.

"घ्या. आता सावकाश करा," ती म्हणाली. "घाई नाही."

मिस्त्रीने टॉमी घेतली. ड्रायव्हर म्हणाला होता तसं दुसऱ्याच टोल्याला झाकण निघालं. आत कापडी गुंडाळीत सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने होते, चावी तिच्या कप्प्यात होती आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत तीन नवी कोरी लॉक होती. त्याने चेन चढवली, टोकं जुळवली, पक्कडीने लॉक दाबून बसवलं, चाक फिरवून पाहिलं. हात पुसायला घडी घातलेलं फडकंही आत होतं.

काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं.