नवं की वापरलेलं

नव्या पिस्तुलाचा वरचा भाग वर्नाला काही केल्या मागे ओढता येईना. पहिल्यांदा तो अर्ध्यात अडकला, दुसऱ्यांदा बोटांतून निसटला, आणि तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा अंगठ्याच्या मुळापासून थेट कोपरापर्यंत कळ गेली. तिने ते काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवून दिलं.

“नवीन आहे, मिस वर्ना. ताठच असणार,” दुकानदार हॉलिस म्हणाला. “पाचशे गोळ्या झाडल्या की सैल होईल.”

“पाचशे? मला एकही झाडायची नाहीये.”

“मग हे बघा.” त्याने कपाटातून दुसरं काढलं, रिकामं असल्याचं उघडून दाखवलं आणि तिच्यापुढे ठेवलं. वापरलेलं होतं. बाकी सगळं पहिल्यासारखंच, फक्त कडांचा काळा रंग घासून उडालेला. याचा वरचा भाग मात्र एका ओढीत मागे आला. मूठ एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. वर्नाचा अंगठा आपसूक तिथेच जाऊन बसला. तिने तो चटकन उचलला.

“कुणाचं होतं हे?”

“एका बाईंचं. नाव नका विचारू. नऊ वर्षं पर्समध्ये बाळगलं. एकदाही वापरायची वेळ आली नाही.”

“मग विकलं का?”

“विकणाऱ्याला मी कारण विचारत नाही.”

“हेच तर म्हणतेय मी!” शेजारी उभी असलेली वर्नाची धाकटी बहीण जोलीन फिस्कारली. “दुसऱ्याचे बूट घालतेस का तू? नाही ना? मग हे कशाला? कुणाला ठाऊक काय पाहिलंय त्याने. नवं घे. गॅरंटी आहे.”

“गॅरंटीचा कागद दाखवणार का त्या माणसाला, ऐन वेळी नवं ओढता नाही आलं आणि गोळी चढली नाही तर?” हॉलिस म्हणाला.

त्या माणसाला. वर्ना ऐकत राहिली. तीन आठवड्यांपूर्वी, नर्सच्या रोजच्या फेरीत डोंगरातल्या एका म्हातारीला इन्सुलिनचं इंजेक्शन देऊन ती परतत असताना, एक पांढरा ट्रक अकरा मैल तिच्या मागे मागे आला होता. ती वळली तिथे वळला. ती चर्चच्या आवारात थांबली तर तोही थांबला, दोनदा दिव्यांची उघडझाप केली आणि निघून गेला. गावच्या पोलिसाने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, तुमच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय, तेच सांगायचं असेल बिचाऱ्याला. दिवा खरंच गेला होता. तरी त्या दिवसापासून स्टिअरिंगवर तिचे हात ओले होत.

तिने नवं उचललं. ठेवलं. वापरलेलं उचललं. पुन्हा नवं. जोलीन काहीतरी सांगत होती, हॉलिस काहीतरी सांगत होता, आणि दोघांचंही बरोबर वाटत होतं. एक हातात घेतलं की दुसरंच बरं वाटायचं. मग परत उलट. दोन्हीही नको असं एकदा वाटलं, पण तेवढ्यात तो डोंगरातला रस्ता आणि पांढरा ट्रक डोळ्यांपुढे आला.

मागे दाराची घंटा किणकिणली.

वर्ना वळली. नुसती मान वळली नाही, सगळं अंग वळलं, आणि अंगाबरोबर पिस्तूल धरलेला हातही. दारात जाड कॅनव्हासच्या जाकिटातला एक माणूस उभा होता. त्याचा उजवा हात खिशातून बाहेर येता येता थांबला, आणि मग दोन्ही हात हळूहळू वर गेले.

“वर्ना,” तो म्हणाला. “पोरी, मी आहे.”

मिस्टर टीग. यांच्याच बायकोच्या पायाची जखम वर्ना दर मंगळवारी धुऊन बांधत असे. परवाच त्यांनी तिला बरणीभर मध दिला होता.

“रिकामं आहे! रिकामंच आहे ते!” हॉलिस ओरडला. वर्नाच्या हातातून पिस्तूल कापडावर पडलं आणि घसरत दुसऱ्याला जाऊन भिडलं.

“बरं झालं, आज मी काही चोरायला आलो नव्हतो,” टीग म्हणाले. सगळे हसले. ते हसणं फार टिकलं नाही. त्यांनी हरणाच्या शिकारीची काडतुसं मागितली, पैसे दिले. वर्नाला माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

दारापाशी जाऊन ते थांबले. “मंगळवारी येशील ना? रूबी वाट बघत असते.”

“येईन.”

“आलीस की हॉर्न वाजव हं फाटकाशी. मी अंगणात येऊन उभा राहीन. म्हणजे तुला दिसेन.”

ते गेले. जोलीनने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. कापडावर दोन्ही पिस्तुलं एकमेकांना चिकटून पडली होती.

“मग,” हॉलिस म्हणाला, “काय ठरवलंत?”

वर्ना एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

“मगाशी दाराकडे वळले तेव्हा माझ्या हातात कोणतं होतं?”

“नवं,” हॉलिस म्हणाला.

“वापरलेलं,” जोलीन म्हणाली.

दोघंही एकदमच.