उष्टा चमचा

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सोडल्याचं नितेशने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. पण कांदिवलीत मिळेनासा झालेला आवडता मँगो फ्लेवर तो चोरून घरीच हुबेहूब बनवायचा. काल आईच्या मँगो इसेन्सच्या बाटलीतच निकोटिन मिसळलं आणि ती ओट्यावरच विसरला. आज पाडव्याचं आम्रखंड तयार होतं आणि बाटली रिकामी. पोटात इतकं निकोटिन म्हणजे विषच. नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून आईला पत्ता नव्हता. खरं सांगायची हिंमत होईना. नितेशने कोरा चमचा चोखला आणि तसाच पातेल्यात बुडवला. “उष्टं केलंस? सगळी वाट लावलीस!” आई भडकली. मग त्याचा चेहरा बघून नरमली. “जाऊ दे. गुढीला गूळ-खोबरं दाखवू. तुझं उष्टं मला चालतं.” तिने चमचा भरून तोंडाशी नेला. “आई, तुला माझी शपथ!” हात थांबला. तिने शपथ कधीच मोडली नव्हती.