रागाची भिंत

"रागाव," चित्रकार म्हणाला.

"कुणावर?" ताईने विचारलं.

"कुणावरही. तुला काय तोटा आहे?"

ताई हसली. इथेच सगळं बिनसलं.

खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत ती सकाळपासून बसली होती. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून विंचरलेले केस. समोर इझल, इझलमागे तिचा धाकटा भाऊ आणि भावाच्या डोक्यावर टांगलेली प्रदर्शनाची तारीख. प्रदर्शन मानवी भावनांवर होतं. गॅलरीवाल्या बाईंनी प्रत्येक भावनेला एकेक भिंत वाटून दिली होती आणि चित्रं यायच्या आधीच पाट्याही लावून टाकल्या होत्या. भीती मिळाली ती दंतवैद्याच्या दाराबाहेर बसलेल्या शेजाऱ्याच्या तोंडावर. मत्सरासाठी चित्रकाराने आरसा वापरला. मॉडेल शोधत हिंडावं लागलं नाही. राहिला होता राग. आणि राग म्हटल्यावर या घराण्यात दुसऱ्या कुणाचं नाव घेणं हाच मुळी ताईचा अपमान होता.

ताईचा राग काय चीज आहे, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. ती दारात दिसली की पोरं न सांगता दूध संपवायची. महिनाभर गळणारा नळ, तिने नळवाल्याला नुसता फोन लावला तरी, तो यायच्या आत थांबायचा. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले काकासुद्धा तिच्यापुढे खाली मान घालून उभे राहत. तोच राग आज, भावाच्या कामी यायच्या वेळी, कुठे परागंदा झाला होता कोण जाणे.

फोटोवरून चित्र काढायचं नाही, समोर जिवंत माणूस हवा, हा चित्रकाराचा बाणा होता. त्यावर त्याने दोन-तीन मुलाखतीही दिल्या होत्या. तेव्हा माघार घेणं शक्य नव्हतं. त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"ताई, आत्याच्या मुलीने तुझं शिवणयंत्र नेलं ते नेलंच, नाही?"

"जाऊ दे रे. आलं ना तिच्या कामाला?"

ब्रश हवेतच थांबला. याच शिवणयंत्रापायी दोन घरांचं येणंजाणं कित्येक वर्षं बंद होतं.

त्याने बायकोला खुणावलं. ती दाराआडच उभी होती. ती अर्धं पाऊल पुढे आली.

"वन्सं, तुमचं ते पातेलं होतं ना... ते मोलकरणीने नव्हतं करपवलं. मी करपवलं होतं."

"तेव्हाच कळलं होतं गं मला," ताई प्रेमाने म्हणाली. "मोलकरीण इतकं वाईट करपवत नव्हती."

बायको आत निघून गेली. रागाचं चित्र हवंच असतं, तर या घडीला तिचं काढता आलं असतं.

चित्रकाराने दोन पावलं मागे जाऊन कॅनव्हास पाहिला. हनुवटी वर करून एक प्रसन्न बाई बसली होती. तिच्या वर 'राग' अशी पाटी लागल्यावर लोक गॅलरीवाल्या बाईंना विचारणार, पाट्यांची अदलाबदल झाली का. त्याने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला, फडक्याला हात पुसले.

"राहू दे ताई. ऊठ तू. काढतो काहीतरी एखाद्या जुन्या फोटोवरून."

"ऊठ?"

"हो. झालं."

"झालं?" ताईच्या भुवया एकमेकींकडे सरकल्या. "एवढ्यात बघून झालं तुझं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद पडला.

"जन्म गेला माझा तुमच्या खाली घातलेल्या माना बघण्यात! मी आले की हा चपला शोधतो, ती फोनमध्ये डोकं घालते. तू तर कपाटामागे जाऊन उभा राहायचास, घोडा झाल्यावरसुद्धा. आईबाबांच्या मागे तुम्हा सगळ्यांना वळण लावलं ना मी? माझ्या तोंडाकडे कुणी धड पाहिलंय कधी? आज सकाळपासून एक माणूस बघतोय, तर म्हणे ऊठ! म्हणे फोटो!"

हाच तो. अस्सल. चित्रकाराने झडप घालून ब्रश उचलला. सवयीने त्याची मान खाली गेली होती. ती त्याने नेटाने वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो राग उघड्या डोळ्यांनी पाहिला. डावी भुवई झरझर कॅनव्हासवर उतरली. उजवीकडे वळला, तोवर उजवी निवली होती.

तो बघतोय, हे ताईला दिसलं होतं. तिने हनुवटी जराशी वर केली. हात मांडीवर नीट ठेवले.

पुन्हा एकदा 'ऊठ' म्हटलं असतं, तर उजवी भुवईही मिळाली असती. नाकपुड्याही मिळाल्या असत्या. भिंत भरली असती. शब्द चित्रकाराच्या जिभेवर आलाही होता. तो त्याने तिथेच थांबवला, पॅलेटवर नवा रंग पिळला आणि समोर जे होतं ते रंगवायला लागला.

गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. वाजून वाजून थांबला.

बऱ्याच वेळाने ताई ओठ न हलवता म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात रे. जरा हलवू का?"

"हलव की. विचारतेस काय?"

ताईने पाय हलवला नाही.

"नको," ती म्हणाली. "परत ऊठ म्हणशील."