केवडसाळीची साक्ष

"आजी, इथं अंगठा उमटवा," जहागीरदारांच्या घराण्यातले धाकटे सरकार अर्ज पुढे सरकवत म्हणाले. "आपल्या केवडसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळेल. साऱ्या खोऱ्याचं नाव होईल."

तानूबाईंनी चष्मा लावला आणि अर्ज स्वतः वाचला. 'हे सुवासिक वाण घराण्याने जोपासले आणि खोऱ्याला दिले.' हक्क घराण्याच्या ट्रस्टकडे जाणार होता. खोऱ्यातली सर्वांत वयस्क शेतकरी म्हणून साक्ष तेवढी त्यांची हवी होती.

"दिलं?" त्यांचा आवाज चढला. "लावणी आमची, कापणी आमची, आणि खायची बंदी! भाऊ तापातून उठला तेव्हा आईनं मूठभर केवडसाळ पेजेला घातली. तो वास कुठं दडतोय? तुमच्या आजोबांचा शिपाई वासाच्या मागावर दारात आला आणि पेजेचं मडकं अंगणात उपडं केलं. जहागिरी गेली, तुम्ही पुण्याला गेलात. बी आम्ही राखलं."

"जुन्या गोष्टी आहेत, आजी. दसऱ्याला सारा गाव आमच्याच पंक्तीला जेवायचा ना?"

"जेवायचा. नाचणीची भाकरी."

तानूबाईंनी पेन मागून घेतले आणि ते वाक्य कागद फाटेपर्यंत खोडले.

"अहो, अर्ज वाया गेला! आता नवा करावा लागेल."

"लागेलच," कागदाची घडी पिशवीत टाकत त्या उठल्या. "काय काय लिहायचं असतं ते कळलं. आता आमची वाडी करील."