कडेची माती

भूकंपात इमारत अख्खी आडवी झाली, पण भिंतीला एकही तडा गेला नाही. आतलं कपाट अंगावर पडून आमची ही गेली. इमारतीचा इंजिनिअर तिचाच धाकटा भाऊ. तो आमच्या जुन्या घरी मला भेटायला आला तेव्हा मी त्याला दारातच थांबवलं.

“दाजी, माझ्या बांधकामात खोट नव्हती. हादऱ्यांनी खालची ओली वाळू पाण्यासारखी पातळ झाली, त्याला मी काय करणार? उद्या चौकशीत तेवढं सांगा. तुमचा शब्द मानतील.”

“बांधण्याआधी माती तपासली नव्हतीस?”

“तपासली ना! खोल भोक पाडून नमुना काढला. चांगला घट्ट मुरूम निघाला.”

“मग वाळू कुठून आली?”

“वाळू मधल्या भागात होती. नमुना रस्त्याच्या कडेचा होता.”

“मधला का नाही घेतलास?”

तो उखडला. “तुम्हाला त्यातलं काय कळतंय? भोक पाडायचं यंत्र ट्रकवर असतं. ट्रक आत नेला की चाकं रुतायची. धक्के मारमारून बाहेर काढला. मग काय, यंत्र डोक्यावर घेऊन जायचं होतं?”

“म्हणजे जिथे तुझा ट्रक उभा राहिना, तिथे तू सहा मजले उभे केलेस,” मी म्हणालो. “आणि सगळ्यांच्या आधी आपल्या ताईला तिथे राहायला बोलावलंस. उद्या मी एवढंच सांगणार आहे.”

 मी दार लावून घेतलं.